तिसरं अक्षर

माझ्या नणंदेला घरात सगळे ताई म्हणतात. मुलं मार्गी लागल्यावर चाळिशीत ती पुन्हा कॉम्प्युटर शिकली आणि एका हॉस्पिटलात नोकरीला लागली. "आता या वयात?" म्हणणाऱ्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिने सुनावलं, "तुझं कुठल्या वयात डोकं चाललं होतं रे?" नोकरीत कायम व्हायची मात्र अजून बाकी होती.

तिथे तिने लिहिलेला प्रोग्रॅम तसा साधा. रक्ताच्या प्रत्येक नळीवर चिठ्ठी असते, तिच्यावर आधी अक्षरं, मग आडवी रेघ आणि आकडे. आलेल्या चिठ्ठ्या एका रांगेत, तिच्या भाषेत ॲरेमध्ये, उभ्या करायच्या आणि प्रत्येकीतलं तिसरं अक्षर तेवढं उचलायचं. ते अक्षर वॉर्डाचं. रिपोर्ट आपोआप त्या वॉर्डात जातो.

त्या शनिवारी ती घरूनच काम करत होती. जेवणाच्या टेबलावर तिचा लॅपटॉप, समोर माझे मटार. पुरुषांच्या वॉर्डातून सिस्टरचा फोन आला.

"अहो मॅडम, चार वर्षांच्या पोरीचा रिपोर्ट आलाय आमच्याकडे. इथे तर सगळे आजोबा!"

ताई हसली आणि हसता हसता लॅपटॉपकडे वळली. भराभर चिठ्ठ्या उघडून बघितल्या. लहान मुलांचा नवा वॉर्ड कालच सुरू झाला होता. तिथल्या चिठ्ठ्यांना कुणीतरी सुरुवातीला एक जादा अक्षर लावलं होतं, तिला न सांगता. बाकीची अक्षरं एक घर पुढे सरकली. प्रोग्रॅम आपला इमानेइतबारे तिसरंच उचलत राहिला आणि ते भलत्याच वॉर्डाचं निघत होतं.

"मग तो अडला कसा नाही?" मी विचारलं.

"अडला असता तर बरं होतं गं वहिनी. त्याला तिसरं अक्षर मिळालं, त्याचं काम झालं."

तिने साहेबांना फोन लावला.

"चौथं उचला मग," साहेब म्हणाले.

"जुन्या वॉर्डांचे चुकतील, सर. मी आत्ता बंद करते."

"बंद कसलं करताय? बोंब होईल! तुम्ही अजून कायम नाही, मॅडम. आठवण असू दे."

तिने बंद केला. मग एकेका वॉर्डाला स्वतः फोन लावत बसली. "चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे. मुलांचे कागद आलेत का, जरा बघता?" कुणी बघितलं, कुणी टोमणे मारले. तिने सगळं ऐकून घेतलं.

त्या पोरीचा रिपोर्ट सिस्टरनेच धावत नेऊन दिला. मुलांच्या वॉर्डातले डॉक्टर फोनवर आले. "कालपासून याचीच वाट बघतोय. अंदाजाने दिलेलं औषध लागू पडत नव्हतं. आता बदलतो."

"मुलगी कशी आहे?"

"ताप उतरत नाहीये. बघू."

ताईने प्रोग्रॅम नव्याने लिहिला. आता तो चिठ्ठीतली आडवी रेघ शोधतो, तिच्या लगेच आधीचं अक्षर घेतो आणि ओळखीचं नसेल तर थांबून ओरडतो. काम झालं, पण ती जेवली नाही.

सकाळी तिने चपला घातल्या. "फोनवर नाही विचारवत," एवढंच म्हणाली. मीही निघाले.

पोरगी ग्लानीत होती. ताप किंचित उतरला होता, पण धोका टळला असं कुणी म्हणेना. ताई तिच्या आईसमोर उभी राहिली आणि काय घडलं ते सरळ सांगितलं.

"म्हणजे परवाच कागद मिळाला असता, तर परवाच औषध बदललं असतं?"

"हो," ताई म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. पोरीच्या कपाळावरची पट्टी उचलली, पाण्यात बुडवली, पिळली आणि पुन्हा ठेवली.