वहिनींच्या अंबाड्यातला आकडा

आमच्या या कारखान्यांच्या भागात बायकांना एक सवय लागलेली असते. पाळी सुटायच्या आधीच नवरा दारात दिसला, की आधी त्याचे हातपाय बघायचे आणि मग तोंड. महिन्यापूर्वी भर दुपारी हे दारात उभे राहिले, तेव्हा मीही तेच केलं. हात जागेवर होते, पाय जागेवर होते... तोंड मात्र पार उतरलेलं. "डॉक्टरवहिनी गेल्या गं," एवढंच म्हणाले आणि उंबऱ्यातच बसले. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, यांच्या कंपनीत फोन केला होता. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. अजून पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती बाईनं! जन्मभर दुसऱ्यांच्या आत काय दडलंय ते शोधलं, आणि स्वतःच्या छातीतलं दुखणं मेलं कुणाला कळूही दिलं नाही.

भेटायला येणारे म्हणतात, फार शांत होत्या हो तुमच्या वहिनी. मी मान हलवते, पण मनात म्हणते, तुम्ही दुसऱ्याच कुणाला तरी ओळखत असाल. बासष्ट साली दादाचं लग्न होऊन त्या चिंचवडच्या आमच्या घरात आल्या, त्या एक्स-रेच्या डॉक्टर होऊनच. आईला आनंद झाला, की आता घरच्या सर्दीखोकल्याची सोय झाली. वहिनींनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "आई, मी औषध देत नाही. मी फक्त बघते."

"बघतेस? काय बघतेस?"

"माणसाच्या आत काय आहे ते."

पुढचे कितीतरी दिवस आमची आई सुनेसमोर पदर घट्ट लपेटून बसायची! स्वयंपाकाच्या नावानं तर आनंदच होता. केस मात्र असे, की बघत राहावं. तो अंबाडा सावरायला मूठभर आकडे लागायचे आणि ते घरभर गळायचे... गादीत, देव्हाऱ्यापुढं, एकदा तर आमटीत. आई कुरकुरायची आणि दादा म्हणायचा, "आमची बायको हरवायची भीती नाही, आकडे वेचत गेलं की सापडते." वहिनी हसायच्या आणि सापडलेला आकडा परत अंबाड्यात खोचायच्या.

स्टेशनजवळ दोन खोल्या घेऊन त्यांनी आपलं मशीन बसवलं. लोक 'फोटो काढायला' येऊ लागले. पण वहिनींचं सगळं वेड होतं ते दोन फोटोंचं. साधा एक्स-रे सपाट असतो. हाड आणि त्यात घुसलेली सुई एकमेकांवर दिसतात, पण सुई हाडाच्या पुढं आहे की मागं, ते कळत नाही. म्हणून वहिनी दोन फोटो काढायच्या. पेशंटनं तसूभर हलायचं नाही. पहिला फोटो झाला, की मशीनची नळी, आपल्या दोन डोळ्यांत जेवढं अंतर असतं साधारण तितकीच बाजूला सरकवायची आणि दुसरा काढायचा. मग दादानं बनवून दिलेली ती आरशांची पेटी! दोन्ही बाजूंना उजेडाच्या चौकटी, मध्ये तिरके दोन छोटे आरसे. आरशांना नाक लावायचं, म्हणजे डावा डोळा डावा फोटो बघतो, उजवा डोळा उजवा, आणि एकदम समोर हात हातासारखा उभा राहतो, भरीव, जाडीसकट. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा किंचाळलेच होते. हा खटाटोप कशाला, असं विचारलं तर वहिनी म्हणायच्या, "वन्सं, एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून दाखवा, मग बोलू."

पुण्यामुंबईच्या डॉक्टरांना मात्र हे जुनाट खूळ वाटायचं. वहिनींनाही त्यांचं काही वाटायचं नाही.

पुढं सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. आमचे हे मूळचे कुरुळीचे, आणि आकुर्डीच्या एका कारखान्यात लेथवर होते. एक दिवस पाळी सुटायच्या आधीच घरी आले. मी हातांकडे बघितलं, तर उजवा फडक्यात गुंडाळलेला. शेजारचा माणूस छिन्नीवर घण घालत होता, छिन्नीच्या डोक्याची कपची उडाली आणि यांच्या मनगटात शिरली. बाहेर जखम एवढीशी. एका दवाखान्यात उघडून शोधली, सापडली नाही, परत शिवून टाकलं. मनगट सुजून भोपळा झालं. मग पुण्याहून चिंचवडला येणाऱ्या एका मोठ्या सर्जनना दाखवलं. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाले, "कपची तळहाताच्या बाजूला दिसतेय. तिकडून उघडावं लागेल. बोटं हलवणाऱ्या दोऱ्या तिथूनच जातात, नसही तिथंच. काही दुखावलं, तर बोटं पूर्वीसारखी वळतीलच, असं मी सांगू शकत नाही."

लेथवरच्या माणसाची बोटं म्हणजे त्याचं सगळंच. घरी येऊन हे भिंतीकडे तोंड करून बसले. म्हणाले, "बोटं गेली तर म्या काय गेटावर सलाम ठोकत बसू?" मी यांचा डावा हात धरला आणि ओढतच वहिनींकडे नेलं. "वहिनी, माजा हात ऱ्हाईल का?" यांनी विचारलं. वहिनींनी उगीच धीरबीर दिला नाही. "आधी बघू तरी द्या, भावोजी," म्हणाल्या.

त्यांच्या भिंतीवर पाटी होती : बांगड्या, आकडे, पिना, अंगावरचा सगळा धातू काढून ठेवावा. आणि बाईंनी काय करावं? यांचा हात पालथा ठेवला, स्वतःच्या अंबाड्यातला एक आकडा उपसला आणि यांच्या मनगटावर, घड्याळाची तबकडी येते त्या जागी, चिकटपट्टीनं चिकटवला. नेहमीच असं करायच्या त्या. मला वाटायचं, असेल काहीतरी तऱ्हेवाईकपणा. "आता पुतळा व्हायचं, श्वाससुद्धा हळू," असं म्हणून त्यांनी दोन फोटो काढले आणि सर्जनना निरोप धाडला, ऑपरेशनच्या आधी एकदा बघून जा.

साहेब तासाभरात आले, पण घड्याळाकडे बघतच. वहिनी आत हात पुसत होत्या. साहेबांनी ओल्या फिल्म्स आपल्याच हातानं चौकटींत लावल्या, आरशांना नाक लावलं आणि म्हणाले, "बघा, मी सांगत होतो तेच. कपची हाडांच्या पलीकडं आहे. तळहाताकडूनच उघडायला हवं."

यांनी डाव्या हातानं उजवी बोटं मुठीत धरली. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. आवाज चढवला नाही, काही नाही.

"सर, आकडा कुठं दिसतोय?"

"आकडा? हो, दिसतोय की. तोही पलीकडंच. तळहाताला चिकटवलाय ना तुम्ही?"

"भावोजी, हात वर करा बघू."

यांनी हात वर केला. चिकटपट्टीखाली आकडा तसाच होता, मनगटाच्या पाठीवर! साहेबांनी यांच्या मनगटाकडे बघितलं, मग पेटीकडे, मग पुन्हा मनगटाकडे...

"डावी फिल्म उजवीकडं लागलीय, सर," वहिनी म्हणाल्या. "तसं झालं की पुढचं सगळं मागं दिसतं, आणि दिसतं अगदी खरं. माझीही फसगत झालीय. म्हणून तर आकडा लावते."

साहेबांनी फिल्म्सची अदलाबदल केली आणि परत वाकले. मग आरशातूनच आवाज आला, "अरे वा... अरे वा वा! आकडा तर नाकाला टोचतोय माझ्या! आणि कपची त्याच्या जरा खाली, हाडांच्या अलीकडं. बाई, मी उद्या भलतीकडून उघडणार होतो." मोठा माणूस! हे वाक्य त्यांनी आम्हा सगळ्यांदेखत म्हटलं, याचं मला आजही कौतुक आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मनगटाच्या पाठीकडून उघडलं. मी देवाचं नाव घेत बाकावर टेकले नाही तोच ते बाहेर आले. वाटीत गव्हाच्या दाण्याएवढी कपची होती. "बोटं सलामत," म्हणाले, आणि वहिनींकडे वळून, "माझे पेशंट आता तुमच्याकडेच पाठवणार. आकडे भरपूर आणून ठेवा!" मी वहिनींना दवाखान्यातच मिठी मारली आणि भोकाड पसरलं. त्या संध्याकाळी वहिनींनी स्वतः शिरा केला. करपला होता. पण जन्मात असा गोड शिरा मी खाल्लेला नाही!

मग काय विचारता! साहेबांनी शब्द पाळला. कुणाच्या टाचेत सुई, कुणाच्या दंडात तार, थेरगावपासून चाकणपर्यंतची माणसं स्टेशनजवळ येऊन विचारायची, "आकड्याच्या डॉक्टरीणबाई कुठं बसतात?" आणि हे पुन्हा लेथवर उभे राहिले.

अलीकडं शरीराचे आडवे काप दाखवणारं यंत्र आलंय. वहिनी हट्टानं मुंबईला जाऊन ते बघून आल्या. परत आल्या त्या लहान पोरीसारख्या खूश. "वन्सं, चकतीवर चकती! आता काही दडून राहायचं नाही." आपली पेटी अडगळीत जाणार, याचं जरासुद्धा दुःख नाही. "पण मी त्यांना एक विचारलं हं," म्हणाल्या, "डावं-उजवं कसं ओळखता? त्यांनी चित्राच्या कोपऱ्यातलं खुणेचं अक्षर दाखवलं. म्हटलं, मग ठीक आहे." ती आमची शेवटची निवांत भेट.

गेल्या रविवारी दादानं आम्हा दोघांना त्या खोल्या आवरायला बोलावलं. केस विंचरणारी बाई गेली तरी कोपऱ्याकोपऱ्यात आकडे सापडत होते. दादा ते वेचून एका वाटीत टाकत होता. यांनी आरशांची पेटी पुसली, दिवे लावले आणि कपाटातून स्वतःच्याच मनगटाच्या त्या दोन फिल्म्स काढल्या. त्याच उजव्या हातानं चौकटींत लावल्या, बोटं अगदी सफाईनं वळवत. डावी डावीकडं, उजवी उजवीकडं. वाकून बघितलं आणि बाजूला झाले. "बघ," म्हणाले. डोळे भरलेले होते.

मी आरशांना नाक लावलं. आधी सगळं धूसर दिसलं, मग दोन चित्रं सरकत सरकत एक झाली. मागं यांच्या मनगटाची हाडं, अलीकडं ती कपची, आणि सगळ्यांच्या पुढं, हवेत, माझ्या अगदी जवळ वहिनींचा आकडा. इतका जवळ, की मी हात पुढं केला... उचलावा आणि त्यांच्या अंबाड्यात परत खोचून द्यावा म्हणून.