आईनं कापलेला पाव

पाव कचऱ्याच्या डब्यात पडला होता. पांढरे चौकोनी तुकडे, वर सुकलेल्या फुलांचे देठ. पाव झाकायला आईनं कडेला क्रॉस भरून दिलेला रुमाल कुणीतरी फरशी पुसायच्या फडक्यांत टाकलेला. मी रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी पाणी न्यायला चर्चमागच्या खोलीत गेले होते. हातात रिकामा जग. बघतच राहिले.

हे चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचं. आम्ही मानखुर्दला राहायचो, उपासनेला घाटकोपरला जायचो. बाबा देवनारच्या कत्तलखान्यात कामाला. प्रभुभोजनात सगळ्यांनी तुकडा तुकडा खायचा पाव दर महिन्याला मंडळीतल्या एका घरातून यायचा. बेकरीतून आणायचा, कडा काढायच्या, तुकडे करायचे. बस्स. अकरा वर्षांत आमची पाळी आली नव्हती. आईनं चर्चच्या सतरंज्या झाडलेल्या चालायच्या. मग नवे पाळक आले आणि त्यांनी यादीत आमचं नाव लिहिलं. आई आठवडाभर हरखलेली. नवी सुरी आणली, आदल्या दिवशी उपास धरला.

खोलीत मंडळीचा कारभार बघणाऱ्या एका पंचांची बायको होती. तिला आम्ही मावशी म्हणायचो. टेबलावर तिनं दुसऱ्या पावाचं ताट तयार ठेवलं होतं.

"मावशी, आईचा पाव?"

"हळू बोल ना. लोकांना किळस येते गं. तुझे बाबा दिवसभर त्या रक्तामांसात. आईला सांगू नकोस हं, उगाच वाईट वाटेल तिला."

दोन्ही पाव एकाच बेकरीचे. वेष्टन शेजारीच पडलं होतं. आणि याच मावशीकडे दर नाताळाला बाबांनी निवडून आणलेलं मटण जायचं. त्याची किळस नव्हती. त्याची बिर्याणी व्हायची. कत्तलखान्याच्या दारात मला कधी आली नाही एवढी शिसारी त्या स्वच्छ खोलीत आली.

या पंचांचे पणजोबा गावाबाहेरच्या ज्या टोकाला राहिले, त्याच टोकाला आमचे. हे दोन पिढ्या ऑफिसच्या खुर्चीवर बसले, एवढाच फरक.

मी आईशेजारी जाऊन बसले. प्रभुभोजन सुरू झालं, ताट आमच्या बाकापाशी आलं. आईनं तुकडा घेतला, डोळे मिटले. गालावरून पाणी. तिला वाटत होतं, सगळी मंडळी आज तिच्या हातचं खातेय. मला ते बघवेना. मी उभी राहिले.

"हा पाव आईचा नाही. तिचा कचऱ्यात टाकलाय. देवनारवाल्यांचा म्हणून."

पंच ओरडले, "खाली बस!" पाळकसाहेब ताट धरून तसेच उभे. भला माणूस, पण नजर पंचांकडे. मला त्यांचीही किळस आली. आईनं हातातला तुकडा ताटात परत ठेवला आणि मला धरून बाहेर आणलं. बसस्टॉपवर एवढंच म्हणाली, "रुमालाचं काय केलं गं त्यांनी?"

त्याच आठवड्यात दोन पंच घरी आले. आईनं दिलेल्या चहाला हात लावला नाही, कपात साय धरली.

"अयोग्य रीतीनं भोजनाला आलीस. बायबलात पौल काय म्हणतो वाच. मंडळीसमोर माफी माग, नाहीतर प्रभुभोजनातून नाव काढू."

वाचलं. त्यांच्यासमोर, मोठ्यानं, अख्खा अध्याय. पौल रागावलाय तो स्वतः पोटभर जेवून गरिबांना लाजवणाऱ्यांवर. आमच्यावर वर्षानुवर्षं उगारलेल्या त्या एका ओळीच्या आधी हे सगळं लिहिलेलं होतं, आणि वेदीवरून ते कुणी कधी समजावलं नव्हतं. प्रभू जकातदारांच्या पंगतीला बसला, कुष्ठरोग्याच्या घरी जेवला. धरून देणाऱ्या यहूदालाही त्यानं घास दिला. यांना माझ्या आईची बोटं चालेनात.

"काढा नाव," मी म्हणाले. "माफी तुम्ही मागायची. तिची."

बाबांनी दार उघडलं. पंच गेले.

पुढच्या रविवारी नाव काढल्याचं सगळ्यांसमोर वाचलं. त्यांना वाटलं, ही आता येणार नाही. चर्च त्यांच्या बापाचं नाही. मी पहिल्या बाकावर जाऊन बसले. आजही ताट निघालं की मला ओलांडून पुढे जातं, आणि मी वाढणाऱ्याच्या डोळ्यांत बघते. तो मान खाली घालतो. घालू दे. आई प्रभुभोजनाच्या मेजापाशी उभी राहून स्वतःच्या हातानं पाव मोडेपर्यंत मी ह्या बाकावरून उठणार नाही.