बरोबर बाजूला लावलेली गाडी

आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, बहिणीला तर नाहीच. एकदा, जेवणं झाल्यावर ओटा पुसताना, मी नवऱ्याला म्हणाले होते, "अहो, ते रफिकचाचांचं..." त्यांनी मोबाईलमधून मान वर केली, "काय त्यांचं?" आणि मी म्हणाले, "काही नाही, त्यांनी दिलेला मशीनच्या तेलाचा डबा सापडत नाहीये." डबा समोरच होता. त्यानंतर मी प्रयत्नही केला नाही. आज तुम्हाला सांगतेय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल — असं वाटतंय.

जळगावच्या बाजारात माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. एक शटर, दोन मशीनं, भिंतीभर अस्तराचं कापड. शेजारच्या शटरात रफिकचाचा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. वय सत्तरीच्या आसपास. टाका सुटायला लागला की मी बसल्या जागेवरून हाक मारायची. ते चष्मा कपाळावर सरकवत यायचे, मशीनजवळ कान न्यायचे, मला चार टाके मारायला लावायचे आणि हात न लावताच सांगायचे, काय बिघडलंय ते. मला बेटा म्हणायचे. त्यांच्या दुकानात पत्र्याच्या डब्या होत्या, प्रत्येक मापाचा स्क्रू वेगळ्या डबीत. शटरला कुलूप लावलं की ते एकदाही मागे वळून बघायचे नाहीत. मी तीनदा ओढून बघते, ते माझ्यावर हसायचे.

असा माणूस होता, हे आधी कळायला हवं. नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या रस्त्यावर दोन्हीकडे गाड्या लागायच्या, मधून हातगाडीसुद्धा निघायची नाही. मग पार्किंगचा नवा नियम आला. विषम तारखेला गाड्या आमच्या दुकानांच्या बाजूला लावायच्या, सम तारखेला समोर. फलक लागले. काही दिवस नुसत्या सूचना, मग टोइंगची गाडी फिरायला लागली — वर भोंगा, मागे चार पोरं, दुचाकी उचलून सरळ वर. पहिल्याच महिन्यात माझी स्कूटी दोनदा उचलली. दुसऱ्या वेळी सोडवून आणली तेव्हा घरी सासरचे पाहुणे होते. सगळ्यांदेखत नवरा म्हणाला, "दुकान चालवतेस, आणि आज तारीख कोणती ते कळत नाही?" सगळे हसले. मीही हसले. पण तेव्हापासून तो भोंगा लांबून जरी ऐकू आला तरी हातातली साडी तशीच टाकून मी दारात जायची, गाडी बघायची, कॅलेंडर बघायची, परत गाडी बघायची.

हे मी सबब म्हणून सांगतेय का? नाही. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं, एवढं खरं.

महिन्याची एकतीस तारीख होती. संध्याकाळी शटर ओढताना चाचा म्हणाले, "बेटा, उद्या पण आपलीच बाजू हां. एकतीस विषम, एक पण विषम. उद्या अर्धा बाजार चुकणार, बघ." बोटावर मोजून दाखवलं त्यांनी. मी हो म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवशी मीच चुकले. उशीर झाला होता. समोरच्या बाजूला आठ-दहा गाड्या दिसल्या, काल इकडे होती म्हणजे आज तिकडे — हात आपोआप तिकडे वळला. रस्ता ओलांडून दुकानाशी आले तेव्हा चाचांची राखाडी स्कूटर त्यांच्या शटरसमोर, आमच्याच बाजूला, स्टँडवर सरळ उभी होती. मी ती पाहिली. तिला वळसा घालून मी माझं कुलूप उघडलं. मी ती पाहिली होती, हे आताच सांगून टाकते.

दुपारी चाचा नमाजला गेले. शटर अर्धं खाली. माझ्याकडे एरंडोलकडच्या एक बाई हिरव्या साडीवरच्या ब्लाउजला अस्तर जुळवत होत्या. "ताई, हाऊ नही जुळत, दुसरा दखाडा." मी दुसरं कापड काढलं आणि कोपऱ्यावर भोंगा वाजला — आज विषम तारीख आहे, समोरच्या बाजूची वाहनं त्वरित काढावीत.

मी धावले. बाकीचेही धावले. कुणी गाडी घेऊन निघून गेलं, कुणी इकडच्या रांगेत घुसवली. माझी स्कूटी सुरू होईना. बटण दाबलं, नुसती घरघर झाली. पुन्हा दाबलं, तेच. ढकलत गल्लीत नेता आली असती का? आली असती. गल्ली तीस-चाळीस पावलांवर आहे. मी रोज तिथून जाते. पण मी गल्लीकडे बघितलंच नाही, मी आमच्या बाजूला बघितलं. रांग गच्च भरलेली. आणि मध्ये चाचांची स्कूटर. तिचं हँडल लॉक कधीचंच तुटलेलं होतं, हे आमच्या ओळीत सगळ्यांना माहीत होतं.

मी ती स्टँडवरून काढली. रस्ता ओलांडून समोर उभी केली. माझी स्कूटी ढकलत आणून तिच्या जागी लावली.

त्या वेळी मनात काय होतं? हे लोक पुढे निघून जातील, मग मी चाचांची गाडी परत आणून ठेवीन, असं होतं. की हे मी नंतर रचलं? इतक्या वेळा मनाशी म्हटलंय की आता खरंच सांगता येत नाही. त्या दोन-तीन मिनिटांत माझ्याकडे कुणी बघितलं नाही. जो तो आपापली गाडी वाचवत होता.

टोइंगची गाडी नेमकी तिथेच थांबली. पोलिसाने मोबाईलवर फोटो काढला. मग दुकानांकडे तोंड करून मोठ्याने विचारलं, "कुणाची आहे ही? मालक आहे का इथे?"

मी काउंटरमागे होते. अस्तर मोजत होते. मान वर केली नाही.

पोरांनी स्कूटर उचलली. "लई ग्यात बिचारानी गाडी," बाई हळहळल्या, बिचाऱ्याची गाडी नेली म्हणून. मी त्यांना विचारलं, सव्वा मीटर देऊ की दीड?

आता तुम्हाला वाटेल, सांगायचं होतं ते एवढंच. मलाही बरेच दिवस वाटायचं की माझी चूक ती एवढीच. पण गाडी सोडवून आणता येते. खरं जे केलं ते मी त्यानंतर केलं.

चाचा परत आले, शटरसमोर थांबले. जिथे त्यांची स्कूटर होती तिथे माझी स्कूटी. तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा, पण त्यांच्या मनात काही आलं नाही — माझ्याबद्दल कशाला येईल? मी म्हणाले, "चाचा, टोइंगवाले घेऊन गेले." ते म्हणाले, "पण मी इकडेच लावली होती ना." रागावले नाहीत. काहीतरी गफलत आहे, मिटेल, अशा चालीने वाहतूक शाखेत गेले.

तासाभराने आले ते वेगळेच. गाडी आणली होती. ती बाहेर लावून थेट माझ्या दुकानात आले, स्टुलावर बसले. "त्यांनी फोटो दाखवला," म्हणाले. "फोटोत तिकडेच आहे. समोर." बाजूच्या मोबाईलवाल्याने दारातूनच विचारलं, "चाचा, आपल्या कॅमेऱ्यात बघायचं का?" मी समोरच्या कापडाची घडी घालायला लागले. चाचांनी त्याला हाताने थांबवलं आणि माझ्याकडे वळले.

"बेटा, तू सकाळी आलीस, तेव्हा कुठे होती माझी गाडी?"

त्यांनी मला विचारलं. कॅमेऱ्याआधी मला.

मी म्हणाले, "समोरच होती, चाचा. मी तुम्हाला सांगणारच होते, पण गिऱ्हाईक आलं."

पाहा ना, नुसतं खोटं बोलून मी थांबले नाही. त्याला गिऱ्हाईक जोडलं. खरं वाटावं म्हणून.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "काल मीच तुला बाजू सांगितली ना?"

"हो, चाचा."

"मग मी..." ते वळून मोबाईलवाल्याला म्हणाले, "राहू दे रे. ताई सांगतेय ना."

त्यानंतर कितीतरी दिवस मी त्या कॅमेऱ्याची धास्ती घेतली होती. तो किती दिवसांचं साठवतो, कुठपर्यंत दिसतं, हे मी गप्पांच्या ओघात त्या मोबाईलवाल्याला विचारूनसुद्धा घेतलं. माझी काळजी ती होती. चाचांकडे माझं लक्ष नव्हतं.

लक्ष गेलं ते चाचा शटर दुसऱ्यांदा ओढून बघू लागले तेव्हा. मग तिसऱ्यांदा. मग रोज सकाळी गाडी हातात धरून ते माझ्या दारात यायचे, "बेटा, आज कुठली बाजू?" ज्यांनी सगळ्या ओळीला नियम समजावला होता ते. मी सांगायची, आणि ते माझ्या कॅलेंडरवर बोट ठेवून खात्री करायचे. एकदा एका शिंपिणीचं मशीन दुरुस्त करून दिलं, ती कोपऱ्यापर्यंत गेली, तर तिला बोलावून परत उघडलं — एखादा स्क्रू राहिला असेल म्हणून. राहिला नव्हता. मी आतून बघत होते. तेव्हा उठून चार पावलं टाकायची होती. एक वाक्य बोलायचं होतं.

काय झालं असतं? ते चिडले असते, कदाचित नसतेही. ओळीत माझं नाव खराब झालं असतं, घरी कळलं असतं. मी रोज ठरवायची, उद्या. आणि उद्या ते पुन्हा तारीख विचारायला यायचे आणि मी तारीख सांगायची.

मग त्यांचा मुलगा आला, इम्रान. फरशी बसवायची कामं घेतो, दिवसभर साइटवर असतो, म्हणून बाजारात क्वचित दिसायचा. बाहेरच उभा राहून हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुम्ही दिवसभर शेजारी असता. अब्बा विसरतात का हो अलीकडे?" पोराच्या डोळ्यांत भीती होती. मी म्हणाले, "वय झालं ना आता." एवढंच म्हणाले. तेवढं पुरलं.

आधी घरच्यांनी चाचांकडून गाडीची चावी काढून घेतली. मग इम्रान त्यांना सोडायला-न्यायला लागला, त्याची कामं खोळंबायला लागली. दिवाळीच्या आधी दुकान रिकामं केलं. डब्या एका गोणीत भरताना स्क्रूंचा आवाज येत होता, आणि मी मशीन सुरू ठेवलं, पायाखालचं पॅडल सोडलंच नाही. चाचा धुळ्याला मुलीकडे गेले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला.

व्यापाऱ्यांनी निवेदनं दिली, बैठका झाल्या आणि काही महिन्यांनी तो सम-विषमचा नियमच रद्द झाला. आता दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे मारलेत, पट्ट्याच्या आत दुचाकी कुठल्याही दिवशी लावा. टोइंगची गाडी क्वचित येते. ओळीत सगळे म्हणाले, सुटलो बुवा.

यंदा मामेबहिणीच्या साखरपुड्याला धुळ्याला गेले होते. कार्यक्रम आटोपल्यावर रिक्षा करून देवपुरात, चाचांच्या मुलीचं घर शोधत गेले. ठरवून गेले होते. रिक्षात तोंडातल्या तोंडात वाक्य म्हणत होते.

चाचा बारीक झालेत. मला बघून उठून उभे राहिले. नसरीनने — त्यांच्या मुलीने — चहा ठेवला. मी तिच्यामागे आत गेल्यावर मला म्हणाली, "सगळ्या तपासण्या केल्या, ताई. डॉक्टर म्हणतात काही नाही, वयाच्या मानाने उत्तम आहे. पण अब्बा मानतच नाहीत. मशिदीतसुद्धा एकटे जात नाहीत."

बाहेरच्या खोलीत तिचं शिलाई मशीन होतं. टाका सोडतंय म्हणून तिने ते चालवून दाखवलं. चाचांनी खुर्चीतूनच मान वाकडी करून ऐकलं आणि काय बिघडलंय ते सांगितलं. "मग करून द्या ना, अब्बा," ती म्हणाली. चाचांनी हात मांडीवर ठेवले. "उघडलं आणि जोडता नाही आलं तर?"

मी कप खाली ठेवला. तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात चाचा मुलीला म्हणाले, "तुम्ही सगळे माझं मन राखता. ही एकटीच, हिने तेव्हा तोंडावर खरं सांगितलं. नाहीतर मी पोलिसांशी भांडत बसलो असतो." आणि माझ्याकडे बघून हसले.

नसरीन म्हणाली, "देवासारख्या आहात, ताई."

मी चहा संपवला. माझ्या मुलीचं कसं चाललंय ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. संध्याकाळच्या बसने जळगावला आले.

रफिकचाचांना काही झालेलं नाही. त्या दिवशी त्यांनी गाडी बरोबर बाजूला लावली होती. ती मी हलवली आणि त्यांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले. ते अजून धुळ्यात आहेत. नसरीनचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही.