दोन दारांची शेड, पाच गिअरची गाडी

आमच्या गॅरेजमध्ये तेलाचा एक रिकामा पत्र्याचा डबा आहे. कुठल्याही गाडीचं काम संपलं की उरलेले नट-बोल्ट त्यात पडतात. कुठला बोल्ट कुठल्या गाडीचा, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही, पण टाकूनही देववत नाही. किश्शांचंही तसंच होतं. मी वर्गात फारशी बोलत नाही. शाळा सुटली की गॅरेजमध्ये स्टुलावर बसून गृहपाठ करते, त्यामुळे सगळं कानावर पडतं. मम्मी म्हणते, "यंदा दहावी आहे, लक्ष पुस्तकात ठेव." लक्ष पुस्तकातच असतं. कान तेवढे मोकळे असतात!

पुढचे सगळे किस्से एकाच गाडीचे आहेत. दौंडच्या आप्पांच्या गाडीचे.

*

आप्पा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. तरुणपणी त्यांनी रेल्वे कॉलनीतल्या एका साहेबाकडून ही गाडी घेतली. लाल रंगाची, विलायती, दोनच सीटची आणि वर छप्पर नाही. वयानं आमच्या पप्पांपेक्षा मोठी. टेम्पोतून ती शिरूरला आमच्या दारात उतरली तेव्हा रस्त्यावरची माणसं गोळा झाली.

मांडवगण फराट्याचे एक मामा ट्रॅक्टरचा स्टार्टर दुरुस्तीला घेऊन आले होते. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून खाली बघितलं आणि आप्पांना विचारलं, "आन् ऱ्हायलेली गाडी कवा येनार?"

"एवढीच हाय."

"मंग पोरंबाळं कुठं बसायची?"

"बसत न्हाईत," आप्पा म्हणाले. "म्हनून तर घेतली!"

*

पप्पांनी गिअरबॉक्स खोलला. दुसऱ्या गिअरचे दात तुटले होते, आणि रिव्हर्सचा तर पत्ताच नव्हता.

"आप्पा, रिव्हर्स कवापासून न्हाई?"

"लई वर्सं झाली."

"मंग शेडमधनं गाडी भाईर कशी काढता?"

"शेडला मागनं दुसरं दार पाडलं. म्होरनं शिरायचं, मागनं निघायचं."

पप्पा हातातला पाना तसाच धरून बघत राहिले. आप्पांना वाटलं, पप्पांना हे पटलेलं नाही. म्हणून त्यांनी समजावून सांगितलं, "तवा गिअरबॉक्सचा मिस्त्री काय मिळंना. गवंडी लगीच मिळाला!"

*

आता यातली काळजीची गोष्ट सांगते. आप्पांचा मुलगा म्हणजे सुहासकाका, ते पुण्यात नोकरीला असतात. माणूस शांत आहे. पण मागच्या महिन्यात चौफुल्याला भर रस्त्यात आप्पांचा गिअर अडकला. मागून ट्रक हॉर्न देतोय आणि आप्पांना गाडी हलवता येईना. हे कळल्यावर काकांनी पुण्यात गिऱ्हाईक शोधलं. जुन्या गाड्या जमवणारा कुणी माणूस होता. आमच्या गॅरेजमध्ये त्यांनी तसं सांगितलं तेव्हा आप्पा गाडीच्या दारावर हात ठेवून नुसते उभे राहिले.

पप्पाच मध्ये पडले. "जुन्या बॉक्सला प्रत्येक गिअरला क्लच दोनदा दाबाया लागतो. आप्पांचा गुडघा दुखतो, तितंच चुकतं. मी आतमधी नवा बॉक्स बसवतो, पाच गिअरचा."

नव्या बॉक्सला दोनदा का दाबावा लागत नाही, हे मी नंतर पप्पांना विचारलं. त्यांनी मला एक पितळी रिंग दाखवली. दोन फिरते गिअर एकमेकांत अडकण्याआधी ही रिंग त्यांचा वेग सारखा करते. मला फिरत्या दोरीत उडी मारणाऱ्या मुली आठवल्या. आधी मान हलवून दोरीचा ताल धरायचा आणि मगच आत शिरायचं. ती मान हलवायचं काम म्हणजे ही रिंग!

सुहासकाका तयार झाले, पण अट घालून. "शिरूर ते दौंड आप्पांनी स्वतः चालवायची. वाटेत एकदा जरी गिअर खरखरला, तरी गाडी पुण्याला जाणार."

आप्पांची पप्पांना वेगळीच अट. "माज्या गाडीचा पत्रा कुठं कापायचा न्हाई. साहेबानं दिली तशीच ऱ्हायली पायजे."

दोघं गेल्यावर पप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरगा म्हनतो आवाज नको, बाप म्हनतो करवत नको. आता काय फुंकर मारून बसवू का?"

*

भंगारात निघालेल्या एका पिकअपचा पाच गिअरचा बॉक्स पप्पांनी आणला. तो जुन्यापेक्षा लांब होता, त्यामुळे मागचा शाफ्ट आखूड करावा लागला. ते जमलं. पण नव्या बॉक्सचा गिअर लिव्हर पत्र्यातल्या जुन्या भोकाच्या चार बोटं मागे येत होता, आणि पत्रा तर कापायचा नव्हता. म्हणजे लिव्हरच वाकवायचा. पण किती?

पप्पांनी अंगणात प्लास्टिकची खुर्ची मांडली. समोर स्टेअरिंग म्हणून परात उभी केली, डाव्या हाताशी सळई रोवली आणि डोळे मिटून गिअर टाकायला लागले. पहिला, दुसरा, तिसरा. मग उठायचं, सळई थोडी वाकवायची आणि पुन्हा बसायचं. असं दोन दिवस चाललं. शेजारच्या काकू पापड वाळत घालताना बघायच्या आणि उरलेले पापड तसेच घेऊन आत जायच्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मम्मी चहा घेऊन आली. "कुठवर पोचलात?"

पप्पांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "दौंडच्या वाटेवर न्हावरं आलंय. परात लागत असंल तर ने, मी उतरून चालत येतो!"

*

जुनं इंजिन आणि नवा बॉक्स यांच्या बोल्टची भोकं जुळत नाहीत, म्हणून मध्ये जाड लोखंडी प्लेट लागते. तिचं माप पुठ्ठ्यावर काढायचं काम पप्पांनी मला दिलं, कारण कंपास माझ्याकडे होता. एवढा मोठा आणि ताठ पुठ्ठा घरात एकच मिळाला, मागच्या वर्षीचं कॅलेंडर. त्याच्या पुढच्या बाजूला गणपतीचं मोठं चित्र होतं. मी मागच्या कोऱ्या बाजूला आकृती काढली आणि भोकांच्या जागी कंपासच्या टोकानं आरपार टोचलं. सगळ्या खुणा कडेच्या वेलबुट्टीत येतील असं बघितलं. गणपतीला एकही लागू दिली नाही!

कारेगावच्या वर्कशॉपमध्ये मिश्राजी ड्रिल मशीन चालवतात. त्यांच्याकडून प्लेट करून आली. पप्पांनी ती इंजिनला लावली, तर निम्मी भोकं एकीकडे आणि बोल्ट दुसरीकडे! मी पुठ्ठा शेजारी धरून बघितला. प्लेट आरशात दिसावी तशी उलटी झाली होती.

"मग प्लेट पालथी करा ना," मी हळूच म्हणाले.

पप्पांनी प्लेटवरून बोट फिरवलं. बोल्टची डोकी आत बसावीत म्हणून मिश्राजींनी एका बाजूनं खड्डे पाडले होते. पालथी केली की खड्डे नको त्या बाजूला जात होते. प्लेट वाया गेली.

आम्ही कारेगावला गेलो. मिश्राजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, "बिटिया, ड्रॉइंग ऊपर रखता तो गणेशजी का मुँह नीचे जाता, तेल में। तुम रखतीं?"

मी नाही म्हणाले.

दुसऱ्या वेळी मी बिस्किटांच्या खोक्यावर आकृती काढली. मिश्राजींनी खोका हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि पप्पांना विचारलं, "इसमें भगवान किस तरफ हैं?"

"मिश्राजी, इसमें सिर्फ बिस्किट है!"

ती प्लेट पहिल्या झटक्यात बसली.

*

मग अटीचा दिवस आला. सुहासकाका पुण्याहून त्यांची गाडी घेऊन आले. पप्पा हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसले. ते मागून येणार होते. आप्पा लाल गाडीत बसले, पण गाडी सुरू करेनात.

"असिस्टंट कुठं हाय? इंजिनावर दोन मान्सं लागत्यात. एकट्यानं गाडी सोडायची न्हाई, नियम हाय."

पप्पांनी उतरून मला पुढे ढकललं. आप्पांनी ड्यूटी समजावून सांगितली. रस्त्यावर जे दिसेल ते मी मोठ्यानं सांगायचं आणि त्यांनी तेच पुन्हा म्हणायचं. रेल्वेत सिग्नल असेच ओरडून सांगतात म्हणे.

शिरूर सोडल्यावर मला पहिला गतिरोधक दिसला. मी सांगितलं, पण बहुतेक मनातल्या मनातच. आप्पांनी करकचून ब्रेक दाबला आणि गाडी रस्त्यात उभी केली. मागे काकांनीही ब्रेक मारला.

"ऐकू न आलेला सिग्नल लाल धरायचा," आप्पा म्हणाले. "आता बोल."

"गतिरोधक!"

"गतिरोधक, व्हय!" आणि गाडी निघाली.

न्हावऱ्यापर्यंत मी ओरडायला लागले होते. "उसाची ट्रॉली!" "ट्रॉली, व्हय!" "दोन शेळ्या, एक आजी!" "शेळ्या, आजी, व्हय!" एसटीची वाट बघणाऱ्या बायका आमच्याकडे बघत होत्या. मी तरी ओरडत होते. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, एकही गिअर खरखरला नाही. वाकवलेला लिव्हर आप्पांच्या हातात बरोबर बसत होता.

पुढे रस्ता सरळ आणि मोकळा होता. इंजिन चौथ्यातच घोंघावत होतं. मी विचारलं, "आप्पा, पाचवा?"

"तो न्हाई टाकायचा. पाव्हनं आल्यावर टाकू."

आमच्या शोकेसमध्ये सहा कप असेच ठेवलेले आहेत. त्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही.

*

दौंडला आप्पांच्या घरासमोर आम्ही थांबलो. सुहासकाका उतरून आले. "मानलं आप्पा, आवाज नाही. पण रिव्हर्स राहिला."

पप्पांचा चेहरा बदलला. रिव्हर्सला ती पितळी रिंग नसते, हे मला माहीत होतं. घाई केली की तोच खरखरतो.

"गाडी शेडमधी मागं घेतो," आप्पा म्हणाले. "पन माजी मान वळत न्हाई. आन् मागं बघायची ड्यूटी गार्डाची असती." त्यांनी गाडीच्या खणातून दोन जुन्या झेंड्या काढल्या, एक लाल आणि एक हिरवी. त्या सुहासकाकांच्या हातात दिल्या. "जावा, गार्डसाहेब."

काका इस्त्रीच्या कपड्यात शेडच्या दारात जाऊन उभे राहिले. त्यांनी लाल झेंडी धरली. माझ्या बाजूनं पप्पा कानाशी येऊन पुटपुटले, "क्लच दाबला की तीन मोज."

आप्पांनी क्लच दाबला. मी मोठ्यानं मोजलं, "एक! दोन! तीन!" आप्पांनी लिव्हर मागे ओढला. मी कान देऊन ऐकलं. काहीच आवाज झाला नाही. शेजारी पप्पांनी श्वास सोडला तेवढा ऐकू आला.

पण गाडी हलली नाही. मागे लाल झेंडी होती ना!

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. त्यांनी खिशातून काढून बघितला. "आप्पा, त्याच माणसाचा आहे. गाडी कधी न्यायला येऊ, विचारत असणार."

आप्पा समोरच बघत होते. "ड्यूटीवर फोन न्हाई. असिस्टंट, सिग्नल काय हाय?"

मी मागे वळून बघितलं. फोन वाजतच होता. काकांनी तो तसाच वाजत खिशात टाकला आणि दुसरा हात वर केला.

"हिरवा!" मी ओरडले.