बुवांच्या प्लेटवर न आलेलं कडवं

सवाल टाकून झाला की बुवा खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसायचे, डबीतली तपकीर चिमटीत घ्यायचे आणि माझ्याकडे न बघता म्हणायचे, "हं, बोला मास्तर." एवढंच. पण ते 'मास्तर' असं काही लांबवायचे की भोवतालची माणसं आधीच हसायला लागायची आणि माझं निम्मं उत्तर तिथेच आडवं पडायचं.

आमच्या रत्नागिरीकडचा जाखडी नाच तुम्ही पाहिला असेल. मध्ये ढोलकी, झांज आणि गाणारा शाहीर, भोवती घुंगरं बांधून रिंगण धरलेले नाचे. गाणाऱ्यांचे पक्ष दोन, शक्तीवाले आणि तुरेवाले. एका शाहिराने गाण्यात सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातच तो सोडवायचा. बुवा शक्तीचे, मी तुऱ्याचा. वर्षानुवर्षं आम्ही एकमेकांसमोर उभे राहिलो. ते मिरकरवाड्यात होड्यांची शिडं शिवायचे, मी प्राथमिक शाळेत मास्तर. मी पोथ्या चाळून सवाल तयार करायचो. बुवा सुई ओढता ओढता गाणं जुळवायचे, आणि लोकांना पाठ व्हायचं ते त्यांचंच.

मी त्यांच्यावर जळायचो. हे आडून सांगण्यात अर्थ नाही, सगळ्या मिरकरवाड्याला ते ठाऊक होतं. त्यांचा आवाज काही फार गोड नव्हता. साठी उलटल्यावर तर तो चिरकायचाही. पण त्यांचा आवाज चिरकला की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. माझा चिरकला की कुणीतरी पाण्याचा तांब्या आणून द्यायचं.

एकदा माझी बायको भाकरी थापताना बुवांची गवळण गुणगुणत होती. तुरेवाल्याच्या घरात हे काय चाललंय, असं मी विचारलं. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "मी काय करू? तुमची गानी भाकरी थापताना म्हनता येत न्हाईत." त्या दिवशी मी जेवताना एक शब्द बोललो नाही. ते तिच्या लक्षातही आलं नाही.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं. बुवा आता सामन्यांना क्वचितच उभे राहायचे आणि मला वाटत होतं, चला, आता आपले दिवस. तेवढ्यात मुंबईच्या बोटीतून एका ग्रामोफोन कंपनीचा माणूस उतरला. त्याला कोकणातली गाणी प्लेटवर, म्हणजे तबकडीवर, घ्यायची होती. मी कोट घालून गेलो आणि समुद्रमंथनावरचं माझं सगळ्यात कठीण गाणं म्हटलं. अभ्यास दांडगा आहे हं तुमचा, असं तो म्हणाला. मग त्याने बुवांना ऐकलं आणि काही न म्हणता त्यांच्या बोटीच्या तिकिटाची व्यवस्था केली. तो कोट मी पुढे कितीतरी दिवस अंगाला लावला नाही.

बुवा मुंबईला जाऊन गाऊन आले. काही महिन्यांनी प्लेटा आल्या. दोन प्लेटा, चार गाणी. फोनो होता बंदरावरच्या इस्माईलभाईंच्या हॉटेलात, तेव्हा सगळा गाव तिसऱ्या प्रहरी तिथे लोटला. प्लेटच्या मधोमध गोल कागदावर बुवांचं नाव सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं, मागे 'शाहीर' लावून. मी ती कडेने धरून वाचली. मग उजेडात नेऊन परत वाचली. नावात छपाईची एखादी चूक असती तर बरं वाटलं असतं, पण नव्हती.

इस्माईलभाईंनी चावी भरली. बुवांचा आवाज त्या पेटीतून निघाला तसे खलाशी चहा हातात धरून तसेच उभे राहिले. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं, आणि सुई खरखरायला लागली. सगळे वाट बघत होते. इस्माईलभाईंना वाटलं फोनो बिघडला, त्यांनी पुन्हा चावी भरली. पण पुढे काहीच नव्हतं.

आमच्याकडे शेवटच्या कडव्यात गुरूचं नाव घेतात. शक्ती असो की तुरा, हे चुकत नाही. ज्या गाण्यात गुरूचं नाव नाही ते निगुरं गाणं, आणि ते गाणारा निगुरा. शाहिराला याहून मोठी शिवी नाही. बुवांच्या चारही गाण्यांत शेवटचं कडवं नव्हतं. सगळ्यांनी आधी बुवांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

बुवा हळूच म्हणाले, "तीन मिंटं झाली की थितला मानूस हात वर करतो. मी गातच व्हतो. त्यांनी बंद क्येलं."

पुढच्या महिन्यात मुंबईच्या एका साप्ताहिकात त्या प्लेटांचं परीक्षण आलं. ते मोठ्याने वाचून दाखवायचं काम अर्थातच मास्तरांवर. स्वतःच्या तोंडाने दुसऱ्याची स्तुती, तीही इस्माईलभाईंच्या भरल्या हॉटेलात उभं राहून, कधी वाचून बघा. समीक्षकाने आवाजाला खाऱ्या वाऱ्याची उपमा दिली होती. या वयात हा कवी अधिक धीट झाला आहे, असं लिहिलं होतं. आणि शेवटी म्हटलं होतं की गाणं अचानक थांबवून न बोललेलं श्रोत्यांवर सोपवण्यात या शाहिराची खरी प्रतिभा दिसते. मला हसूही येत होतं आणि संतापही. या माणसाचं अपुरं गाणंसुद्धा मोठं ठरत होतं.

बुवांनी तपकिरीची डबी उघडली नाही. "थांबवलं न्हाय मास्तर, तोडलं," एवढं म्हणून ते उठून गेले.

मुंबईने डोक्यावर घेतलं, पण गुरूच्या घरच्यांनी दार लावलं. बुवांच्या गुरूंचं घर वेळणेश्वरला. गुरू कधीच वारले होते, पण दर गुरुपौर्णिमेला बुवा त्यांच्या उंबऱ्यावर नारळ ठेवायचे आणि गुरूंचा मुलगा तो उचलून आत न्यायचा. त्या वर्षी बुवा भर पावसात खाड्या ओलांडून गेले, नारळ ठेवला, आणि मुलाने तो उचलला नाही. बुवा संध्याकाळपर्यंत अंगणात उभे राहिले म्हणे. नारळ होता तिथेच राहिला.

त्यानंतर एका सकाळी बुवा माझ्या घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पडवीत टेकले आणि म्हणाले, "मास्तर, गौरीच्या सामन्यात मला निगुरा म्हना. चारचौघांत म्हना."

त्यांचं बरोबर होतं. आपणहून खुलासा करणारा शाहीर गुन्हेगार ठरतो. पण समोरच्या पक्षाने सवाल टाकला, तर त्याचं उत्तर गाण्यात देता येतं, आणि भर सभेत दिलेलं उत्तर सगळा डाग धुऊन टाकतं. तो सवाल टाकायचा हक्क फक्त माझा होता. आणि मला हेही कळत होतं की मी विचारलं, तर बुवा असं गातील की त्या दिवशी मी तिथे होतो हेही कुणाला आठवणार नाही. बघतो, असं मी म्हटलं. बुवांनी मान हलवली आणि चहा न घेता गेले.

बायको दाराआड उभी होती. तिने सरळ विचारलं, "बुवा कायमचे खाली बसले तर तुमी जळनार कोनावर?"

गौरीच्या सणात, जेवणं उरकल्यावर, मिरकरवाड्यातल्या अंगणात सामना लागला. बुवांनी निरोप धाडल्यामुळे वेळणेश्वरचा गुरुपुत्र येऊन कडेला बसला होता, चेहरा घट्ट करून. मी ढोलकीवाल्याला खूण केली आणि सवाल टाकला:

"सोन्याच्या अक्षरात नाव तुझं, गुरूचं कुठं रं हरवलंस?
बोल निगुऱ्या शाहिरा, कुणाचं गाणं तू विकलंस?"

तुम्हाला सांगतो, तसा सवाल मी जन्मात दुसरा बांधला नाही. इतक्या वर्षांचं जळणं त्यात होतं. त्या दिवशी एकाही माणसाने माझ्यासाठी पाणी आणलं नाही.

बुवा उठले. चिरक्या आवाजात त्यांनी प्लेटवरचं गाणं पहिल्यापासून धरलं, तिन्ही कडवी म्हटली, आणि जिथे सुई खरखरली होती तिथे क्षणभरही न थांबता पुढे गेले:

"शीड शिवलं मी गड्या, वारा भरला सखाराम गुरूनं,
नाव घेतलं त्याचं, होडी लागली बंदरी सुखानं."

नाचे पाय उचलायचे विसरले. गुरूंचा मुलगा उठून रिंगणात आला, बुवांनी गाण्याआधी पायाशी आणून ठेवलेला नारळ त्याने उचलला आणि छातीशी धरून परत जागेवर जाऊन बसला. बुवा तोंड पुसायलाही विसरले. मी तिथे होतो हे खरोखरच कुणाला आठवत नाही. पुढे जो तो मला सांगायचा की त्या दिवशी तुम्ही यायला हवं होतं मास्तर.

बुवा पुढच्या शिमग्याआधी गेले. मी पोचवायला गेलो होतो. आमच्या पक्षाची माणसं म्हणत होती, आता मास्तरांना रान मोकळं. मोकळं झालं खरं. नंतर समोर उभी राहिलेली पोरं चांगली होती, पण त्यांच्याविरुद्ध मला काही सुचेना.

इस्माईलभाई ती प्लेट अजून लावतात. ती आता फार झिजली आहे. तिसरं कडवं संपून सुई खरखरली की हॉटेलातली माणसं, खलाशी, बर्फवाले, खुद्द गल्ल्यावरचे इस्माईलभाई, सगळे मिळून शेवटचं कडवं म्हणतात. कुणी कुणाला सांगत नाही. तुरेवाल्याने शक्तीच्या गुरूचं नाव तोंडातून काढायचं नसतं, म्हणून मी ओठ मिटून बसतो.

माझ्याही गाण्यांचं पुस्तक निघालं आहे. त्यात प्रत्येक गाणं शेवटच्या कडव्यासकट छापलेलं आहे, गुरूंच्या नावासकट. काहीच राहिलेलं नाही. त्यामुळे कुणाला काही म्हणावं लागत नाही.