नवा तोळा की जुना?

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका वजनाशी इमान राखणारा माणूस अख्ख्या पुनावळ्यात नाही, आणि हे मी न तोलता लिहिते आहे म्हणून ते माझ्याशी नक्की भांडतील! चाकणच्या कंपनीत तीस वर्षं त्यांनी सुटे भाग तपासून नापास केले. निवृत्त झाल्यावर जग नापास करायला घेतलं. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी छोटा डिजिटल काटा, औषधाच्या डबीत सोनं तोलायच्या लालभडक गुंजा. चहातली साखरही ते मोजूनच घेतात. पाव किलोवर भजीवाल्यानं प्रेमानं एक भजं जास्त टाकलं, तर काका ते परत करतात. "जास्त बी चूकच की, राव!" टीव्हीवर सोन्याचा औंसातला भाव आला की पडद्यालाच दटावतात, "आरं, सोन्याचा औंस एकतीस ग्रॅमचा आसतो, सांग की! अठ्ठावीसचा तो केक-बिस्किटांचा!" आणि कुणी 'तोळा' हा शब्द काढला की त्यांचा प्रश्न ठरलेला. "नवा का जुना?"

लोक हसायचे. मीही हसायचे. तेव्हा आमच्या घरात तीन वर्षांचा अबोला होता.

आजीनं दोन्ही लेकींना पाच-पाच तोळे दिले होते. आईला आजीच्या लग्नातल्या पाटल्या, आणि पुढे तळेगावच्या मावशीला नवा घडवलेला हार. आजी गेल्यावर दोघी बहिणी दागिने पॉलिशला घेऊन गेल्या. सराफानं दुकानभर ऐकू जाईल असं वजन वाचलं: पाटल्या अठ्ठावन्न ग्रॅम, हार पन्नास. मावशी एवढंच म्हणाली, "आईची लाडकी तूच होतीस." त्यानंतर ती आमच्या घराची पायरी चढली नाही.

माझ्या मते गुन्हेगार सराफ होता! मी 'काटा खोटा, धंदा मोठा' असं पत्रक लिहिलं आणि काकांची सही घ्यायला धावले. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला.

"पोरी, पाटल्या आजीच्या लग्नातल्या ना? मंग जुना तोळा. मावशीचा हार?"

"नवाच घडवला होता."

"फाड ते पत्रक. मावशीला बोलीव."

वजनाचाच उलगडा करायचाय म्हटल्यावर मावशी आली, पण तोंड फिरवून बसली. काकांनी टेबलावर गुंजा मांडल्या. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. आणि जाहीर केलं, "जुना तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वर. आता पेढीवर दहा ग्रॅमला तोळा म्हणत्यात. जुने पाच म्हंजी अठ्ठावन्न, नवे पाच म्हंजी पन्नास. आईनं दोघींना पाच-पाचच दिलं. ती न्हाई चुकली, तोळा बारीक झाला!"

आईनं पाटल्या मावशीसमोर सरकवल्या, "तूच घाल." मावशीनं त्या आईच्याच हातात चढवल्या आणि मनगट सोडेचना. मी आनंदानं ओरडले!

काका गुंजा डबीत भरत होते. त्यांचा सख्खा भाऊ शेजारच्याच सोसायटीत राहतो, अर्ध्या गुंठ्यावरून दोघं बोलत नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी जोशात म्हणाले, "काका, तुमच्या जमिनीचीही मोजणी करून टाका ना!"

"झाली की. तीन येळा." त्यांनी डबीचं झाकण घट्ट लावलं. "आकडा बरोबर हाय, पोरी. भाऊ येत न्हाई."

आईनं त्यांच्यासमोर चहा ठेवला. त्या दिवशी त्यांनी साखर मोजली नाही.