ताटली धुऊ नका

“ताटली धुऊ नका, बाई. तशीच द्या.”

दर रविवारी चार वाजता मामा आमच्या दारात उभे राहून हे म्हणायचे. हातात निळ्या काठाची इनॅमलची ताटली, तिच्यावर इस्त्री केलेला पांढरा रुमाल आणि रुमालाखाली चार स्कोन, साहेबलोकांच्या चहाबरोबरचे. “अंडं न्हाय बरं का. वरनं नुसता दुधाचा हात फिरवलाय,” एवढं सांगून, उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता ते पुढच्या खोलीकडे वळायचे. अशा सहा ताटल्या सहा घरांत जायच्या. शेवटची देऊन परत येईपर्यंत त्यांचे गुडघे थकायचे. “झालं एकदाचं,” म्हणत ते आपल्या दारातल्या स्टुलावर बसायचे.

तुम्ही कुणी चाळीत राहिला असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. शेजाऱ्याचं भांडं उष्टं परत करत नाहीत, आणि रिकामंही देत नाहीत. दुसरं काही नसलं तर चमचाभर साखर तरी घालायची. साखर रेशनवर मिळायची, दुष्काळानंतरची ती वर्षं होती, तरी ही रीत कुणी मोडली नव्हती. मामांच्या सहाही ताटल्या सोमवारी सकाळी घासूनपुसून, मधोमध साखर घेऊन त्यांच्याकडे परत जायच्या. मामा ताटली उजेडाकडे तिरपी धरायचे, साखर बोटानं बाजूला सारून खालचं निरखायचे. “धुतलीच की,” एवढंच म्हणायचे. मला वाटायचं, म्हातारपणाचा काहीतरी चाळा आहे.

मामा मूळचे मोहोळकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. मिसरूड फुटायच्या आधी घरातून पळाले, रेल्वेत लागले आणि पुढची चाळीस वर्षं साहेबांच्या बंगल्यावर खानसामा म्हणून राबले. आधी गोरे साहेब, मग आपले. निवृत्त झाल्यावर सोलापुरातल्या आमच्या चाळीत समोरची खोली घेतली. मूलबाळ नव्हतं. बायको गेली, आणि त्यानंतरच्याच रविवारी या ताटल्या सुरू झाल्या.

मी नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका, हे गिरणीत पाळीवर आणि घरात सासूबाई. त्यांना आम्ही अव्वा म्हणायचो. मैंदर्गीच्या लिंगायत घरातल्या त्या. बोलायच्या मराठी, पण नकार द्यायचा असला की कानडीत.

“नमग ब्याड,” मामांची पाठ वळली की अव्वा म्हणायच्या. म्हणजे आपल्याला नको. “बंगल्यावर काय काय शिजवलेले हात हायत ते. अंडं न्हाय म्हणतोय, पण कुणी बघितलंय?”

मग मी ती ताटली पदराखाली झाकून चाळीच्या मागं जायची. तिथं गवळ्याची म्हैस बांधलेली असायची. रविवारी चार वाजता साखर लावलेले स्कोन खाणारी दुसरी म्हैस उभ्या सोलापुरात नसावी. मामा दूध घ्यायचे तेही तिचंच, आणि स्कोनवर हात फिरायचा तोही त्याच दुधाचा. बाकीच्या पाच घरांतही थोडंफार असंच चालायचं, हे मला माहीत होतं, कारण म्हशीपाशी आमची गाठ पडायची. एकमेकींकडे न बघता आम्ही परत फिरायचो. अव्वांशी मी वाद घालायला हवा होता, हे आज कळतं. पण आठवडाभर साठ पोरींचा वर्ग, सकाळ-संध्याकाळ नळावरची रांग, यांच्या पाळीचे डबे. भांडायलाही अंगात जोर लागतो. यांचा तर प्रश्नच नव्हता. आईसमोर चहा फुरकायचीही यांची हिंमत नव्हती.

मामा दार उघडं ठेवून काम करायचे, त्यामुळे स्कोन कसा होतो हे मी माझ्या उंबऱ्यात तांदूळ निवडता निवडता बघितलं आहे. पाव नव्हे, बिस्कीट नव्हे, दोन्हींच्या मधलं काहीतरी. त्याला तूप थंड लागतं आणि करणाऱ्याचे हातही थंड लागतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे कसं जमायचं? मामा डालड्याच्या डब्याला ओलं फडकं गुंडाळून तो सकाळपासून माठाला टेकवून ठेवायचे. मग माठातलं पाणी पातेल्यात ओतून त्यात दोन्ही हात बुडवून बसायचे, डोळे मिटून. हात पुसून नुसत्या बोटांच्या टोकांनी मैद्यात तूप चोळायचे, तळवा लागू द्यायचे नाहीत. कोऱ्या चहात भिजवलेले बेदाणे, ताक, चिमूटभर मीठ. पेल्यानं गोल कापताना पेला सरळ दाबायचा. “फिरवला की एकीकडनंच फुगतंय,” ते म्हणायचे. रॉकेलच्या डब्याची भट्टी केली होती, आत वाळू, खाली शेगडी, झाकणावर निखारे. भाजून निघाले की खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ केलेल्या साखरेत लिंबू पिळून ते पांढरं दाट पाणी वरून सोडायचे. घाम नाकाच्या शेंड्यावर आलेला असायचा, पण त्याचा थेंब कधी खाली पडला नाही.

एका सोमवारी साखरेची ताटली परत देताना मी विचारलंच, “मामा, उष्टी ताटली कशाला हवी तुम्हाला?”

“बंगल्यावर मला कुणी कदी सांगितलं न्हाय की, बरं झालंय म्हणून,” मामा म्हणाले. “ताटली परत आली की मी बघायचो. तवाच कळायचं. सायबाची दाढ दुकायची तवा कडा तशाच यायच्या. एक मडम लई खायची माझे स्कोन. एकदा वरची साखर तेवढी चाटून खालचं तसंच धाडलं, सलग आठ दिवस. मी बायकोला म्हणलं, मडमेला दिवस गेलेत. सायबाला लई उशिरा कळालं ते.”

ते हसले, आणि हसू तोंडावर असतानाच म्हणाले, “गावाकडं भावानं माझ्या हातचं पानीसुदिक घेतलं न्हाय. सायबाघरचं बाटलेलं म्हणून. परक्यांना चाळीस वर्सं खाऊ घातलं, बाई. आपल्या मानसांत एकट्या बायकोनं खाल्लं. आता हितं तुमी सगळे साखर घालून ताटली देताय, पर खाल्लं का न्हाय ते मला कुटनं कळावं?”

मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की माणूस शहाणपण करायला जातो, तसं मी केलं. पुढच्या रविवारी तीन स्कोन नेहमीप्रमाणे म्हशीला घातले, चौथा ताटलीवर कुस्करला, बराचसा झटकून टाकला, साखरेवर बोट फिरवलं आणि ती मळकी ताटली धावत जाऊन मामांच्या हातात दिली. “बघा, आज धुतली नाही.”

मामांनी ताटली उजेडाकडे धरली. बराच वेळ धरली. माझ्या शाळेत पोरीची वही तपासताना मला कळतं, गणित तिनं केलं की शेजारणीचं उतरवलं. मामांना तर चाळीस वर्षांची सवय.

“दातानं तोडलं की चुरा कडंला पडतोय, बाई,” ते हळू म्हणाले. “ह्यो हातानं चुरलेला हाय. साखर बी पुसलीया, चाटलेली न्हाय.” मग ताटली मोरीत ठेवत म्हणाले, “म्हशीच्या तोंडाला साखर लागलेली मी कवाच बघितलीया की. दूध आनायला जातो तितं रोज. तिला आवडतंय, एवढं तरी कळालं.”

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त स्टूल ओढलं आणि बसले. मी मेल्याहून मेल्यासारखी होऊन घरी आले.

त्यानंतर तीन रविवार ताटली आली नाही. चाळीला सुटल्यासारखंच झालं असावं. माझे कान मात्र चार वाजले की दाराकडे लागायचे.

मे महिना होता, शाळेला सुट्टी होती. अव्वा लग्नाला मैंदर्गीला गेल्या होत्या. चौथ्या रविवारी दुपारी मी स्वतःच मामांच्या खोलीत गेले. ट्रंक बांधून ठेवली होती. “उद्या भाचा येतोय मोहोळवरनं, न्यायला,” ते म्हणाले. “आता एकट्यानं होत न्हाय.”

“मग आज स्कोन करू या,” मी म्हणाले. “मला खायचाय. इथं बसून, तुमच्यासमोर.”

“माझ्यानं नको, बाई. हातात जीव न्हाय.”

“माझे हात आहेत.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माठाकडे बोट केलं. मी पातेल्यात हात बुडवून बसले. स्टुलावर बसून ते सांगत गेले आणि मी करत गेले. साखर कुठं आहे विचारलं तर फळीवरची बरणी दाखवली. काठोकाठ भरलेली होती. रेशनच्या दिवसांत एवढी साखर एकट्या माणसाकडे कुठून आली?

“तुमचीच हाय की. सहा घरची,” मामा म्हणाले. “ताटल्यांत आलेली. रेसनची मला च्यालाच सरती. स्कोनवर पयल्यापासनं हीच असती.”

म्हणजे इतके दिवस आम्ही आमचीच साखर म्हशीला घालत होतो. मी खाली मान घालून ती कुटत राहिले.

माझे स्कोन एकीकडूनच फुगले, कारण पेला मी फिरवला होता. खरं सांगते, पहिला मला फारसा आवडला नाही. कोरडा लागला, घशाशी थांबला. दुसरा चहाबरोबर खाल्ला तेव्हा आधी बेदाणा आला, मग मिठाची कणी, मग वरचं आंबटगोड. तिसरा मी न विचारता उचलला. मामा माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते. खाऊन झाल्यावर त्यांनी ताटली ओढून घेतली, तिरपी धरली आणि म्हणाले, “व्हय.” डोळे पुसायला त्यांनी तोच पांढरा रुमाल घेतला.

निघताना त्यांनी दोन स्कोन ताटलीत घालून दिले. “आव्वांना द्या. तीन दिवस टिकतंय. अंडं न्हाय म्हनावं. ताटलीचं काय, भाचा येत जाईल, त्याच्याकडं द्या. धुतली तरी चालंल आता.”

दुसऱ्या दिवशी ते भाच्याबरोबर मोहोळला गेले. मंगळवारी अव्वा आल्या. समोरच्या दाराला कुलूप बघून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. साखरेचंही सांगितलं. स्वयंपाकघराच्या फळीवरची ताटली दाखवली. “ब्याड” म्हणतील म्हणून मी वाट बघत होते, पण त्या पदर सावरत फळीकडे बघत राहिल्या. मी घागर घेऊन नळावर गेले.

परत आले तर ताटलीत एकच स्कोन होता, तोही अर्धा. मी उचलून उजेडाकडे धरला. चुरा कडेला पडला होता. अव्वांना समोरचे दोनच दात होते, आणि त्या दोन्हींची खूण त्याच्यावर होती. मी तो गुपचूप जागेवर ठेवला. संध्याकाळी तोही नव्हता.

आमच्या घरात उष्टा कप मोरीत घटकाभर पडला तर अव्वा घर डोक्यावर घ्यायच्या. ती ताटली मात्र फळीवर तशीच राहिली. मुंग्यांनी चुरा नेला, साखरेचा एक वाळलेला ओघळ राहिला. मी धुतली नाही, त्यांनीही धुतली नाही. मोहोळला जाणारं कुणी भेटलं की पाठवायची, असं मी रोज ठरवत होते. मग शाळा उघडली, आणि रोज काहीतरी निघत गेलं. माझ्या आळसाला मी दमणूक म्हणत होते, एवढंच.

पुन्हा भाचा आला तो खोली रिकामी करायला. मामा वारून पंधरा दिवस झाले होते. तेरावं उरकूनच तो निघाला होता. भट्टीचा डबा, खलबत्ता, स्टूल हातगाडीवर चढवून तो आमच्या दारात आला. “मामाची एक ताटली तुमच्याकडं हाय म्हनत होता.”

मी ती फळीवरून काढली. सवयीनं माझा हात साखरेच्या डब्याकडे गेला आणि तिथंच थांबला. रिकामी ताटली मी त्याच्यापुढे धरली. त्यानं ती हातात घेतली, ओघळावर बोट फिरवलं. “धुवायची ऱ्हायली का?”

आतून अव्वाच बाहेर आल्या आणि उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या.

“ऱ्हायली न्हाय,” त्या म्हणाल्या. “तशीच न्या. धुवायची नसती ती.”